दहा सामने, सहा गुण: ऑक्टोबर २०२० मधल्या एका फेरीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०२०-२१ हंगामाची चौथी फेरी ३ आणि ४ ऑक्टोबरला झाली. शनिवारी चार सामने, रविवारी सहा. कोविडमुळे स्टेडियम रिकामी होती. आधीचा हंगाम जुलैअखेर संपल्यामुळे संघांना धड विश्रांती मिळाली नव्हती, त्यात लीग कप आणि युरोपातले पात्रता सामने मधल्या वारी कोंबलेले. टॉटनहॅमने २७ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या आठ दिवसांत चार सामने खेळले.

एका कंपनीच्या इंग्लंड आणि पुण्यातल्या कर्मचाऱ्यांमध्ये दर फेरीला अंदाजांची स्पर्धा चालायची. पैशांचा संबंध नव्हता. अचूक स्कोअर सांगितला तर ३ गुण, फक्त निकाल (यजमान, बरोबरी किंवा पाहुणे) बरोबर आला तर १ गुण, नाहीतर शून्य. प्रत्येक सामन्याचा अंदाज त्या त्या सामन्याच्या किक-ऑफपर्यंत बदलता येत असे. हा नियम पुढे महत्त्वाचा ठरतो.

हे प्रकरण त्यातल्या तिघांच्या एका गटाचं आहे. एक जण पुण्यात बसून एक्सेलचा तक्ता सांभाळायचा, दुसरा लेस्टरमध्ये राहणारा आणि लेस्टर सिटीचा कट्टर चाहता, तिसरी बर्मिंगहॅमला. अंदाज तिघांच्या संमतीने एकच जायचा.

## तक्ता काय करत होता

पद्धत जुनी आणि साधी होती. २०१९-२० मध्ये ३८० सामन्यांत १०३४ गोल झाले, म्हणजे एका संघाचे एका सामन्यात सरासरी १.३६. प्रत्येक संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांना या सरासरीने भागलं की आक्रमणाचा आणि बचावाचा आकडा मिळतो. सरासरी, आपलं आक्रमण आणि समोरच्याचा बचाव यांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित गोल.

वुल्व्ज विरुद्ध फुलहॅम घेऊ. वुल्व्जने आदल्या हंगामात ५१ गोल केले आणि ४० खाल्ले. त्यावरून आक्रमण ०.९९, बचाव ०.७७. फुलहॅम खालच्या श्रेणीतून वर आलेला, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. गटाने वर आलेल्या तिन्ही संघांना (लीड्स, वेस्ट ब्रॉम, फुलहॅम) आक्रमण ०.८० आणि बचाव १.२५ असे ठोकताळ्याचे आकडे दिले होते. मग वुल्व्ज १.३६ × ०.९९ × १.२५ = १.६८ आणि फुलहॅम १.३६ × ०.८० × ०.७७ = ०.८४.

हे दोन आकडे एक्सेलच्या पॉयसाँ फंक्शनमध्ये घातले की प्रत्येक स्कोअरची शक्यता निघते. १-० ची १३.५ टक्के, तीच सगळ्यांत मोठी. वुल्व्ज जिंकण्याची ५७, बरोबरीची २४, फुलहॅमची १९.

कोणता स्कोअर भरायचा हे गुणांचा नियम ठरवतो. अपेक्षित गुण = निकालाची शक्यता + २ × अचूक स्कोअरची शक्यता. १-० ला ०.५७ + ०.२७ = ०.८४ गुण मिळतात. १-१ ला ०.२४ + ०.२३ = ०.४७. बरोबरीचा स्कोअर कितीही 'शक्य' वाटला तरी या नियमात तो भरणं बहुधा तोट्याचं असतं, कारण बरोबरी हा निकाल म्हणून फार क्वचित पहिल्या क्रमांकावर येतो. स्पर्धेतल्या निम्म्या लोकांचे गुण इथेच गळत असत.

## अडचण

पहिल्या तीन फेऱ्यांनी तक्त्यावरचा विश्वास हलवला होता. २८ सामने झाले होते (पहिल्या फेरीतले दोन पुढे ढकललेले) आणि त्यांत यजमान ९ वेळा जिंकले, पाहुणे १७ वेळा, बरोबरी फक्त २. त्या दोन्ही बरोबऱ्याही जादा वेळेतल्या: वेस्ट ब्रॉमविरुद्ध चेल्सीने ०-३ वरून अखेरच्या मिनिटांत ३-३ केलं, आणि टॉटनहॅमविरुद्ध न्यूकॅसलला टॉटनहॅमच्याच डायरच्या हाताला चेंडू लागल्याबद्दल पेनल्टी मिळाली. एकूण गोल १०३, म्हणजे सामन्यामागे ३.७ च्या आसपास. आदल्या हंगामाची सरासरी होती २.७.

मग प्रश्न असा, की आदल्या हंगामाचे ३८ सामने धरायचे की या हंगामाचे तीन?

## पर्याय

मैदानाच्या फायद्याबद्दल गटापुढे तीन वाटा होत्या. एक, आदल्या हंगामाप्रमाणे यजमानांना साधारण १.५२ आणि पाहुण्यांना १.२१ असा पाया ठेवायचा. दोन, फरक निम्मा करायचा. तीन, दोघांना १.३६ देऊन फायदा शून्य करायचा.

पुणेकराचं म्हणणं होतं, निम्मा करा. आदल्या हंगामात यजमान ४५ टक्के सामने जिंकले होते. त्या दराने २८ पैकी बारा-तेरा जिंकायला हवे होते आणि नशिबाचा चढउतार अडीच-पावणेतीनचा असतो, म्हणजे ९ हा आकडा फार जगावेगळा नाही. पाहुण्यांचे १७ मात्र नुसत्या नशिबाने येत नाहीत, कारण आठ-नऊ अपेक्षित होते. पण फिक्स्चर पाहिले तर लेस्टर वेस्ट ब्रॉमला, चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड ब्रायटनला, मँचेस्टर सिटी वुल्व्जकडे, आर्सेनल फुलहॅमला. बलवान संघच पाहुणे होते. बर्मिंगहॅमच्या सदस्येचं म्हणणं होतं की प्रेक्षक नाहीत तर फायदा कसला. मे महिन्यात जर्मन लीग रिकाम्या मैदानांवर सुरू झाली तेव्हाही यजमान ढेपाळले होते. दोन संध्याकाळी हा वाद चालला आणि शेवटी शून्य ठरलं.

दुसरा पर्याय हातदुरुस्तीचा होता. तक्त्याचा स्कोअर जसाच्या तसा भरायचा, की ताजा फॉर्म पाहून बदलायचा? यावर मात्र काहीच ठरलं नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने सुचवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची.

तिसऱ्या प्रश्नाची चर्चाच झाली नाही: रविवारच्या सामन्यांचे अंदाज रविवारी पुन्हा कोण बघणार?

## काय केलं

शुक्रवारी रात्री दहाही अंदाज भरले गेले. तक्त्याने दहापैकी दहा ठिकाणी एक स्कोअर दिला होता. त्यातले नऊ हाताने बदलले.

| सामना | तक्ता | भरलेला अंदाज | निकाल | गुण |
|---|---|---|---|---|
| चेल्सी – क्रिस्टल पॅलेस | १-० | २-० | ४-० | १ |
| एव्हर्टन – ब्रायटन | १-० | २-१ | ४-२ | १ |
| लीड्स – मँचेस्टर सिटी | ०-३ | १-३ | १-१ | ० |
| न्यूकॅसल – बर्नली | ०-१ | ०-१ | ३-१ | ० |
| लेस्टर – वेस्ट हॅम | २-१ | ३-१ | ०-३ | ० |
| साउदम्प्टन – वेस्ट ब्रॉम | २-१ | २-० | २-० | ३ |
| आर्सेनल – शेफील्ड युनायटेड | १-० | २-० | २-१ | १ |
| वुल्व्ज – फुलहॅम | १-० | १-१ | १-० | ० |
| मँचेस्टर युनायटेड – टॉटनहॅम | १-० | २-१ | १-६ | ० |
| ॲस्टन व्हिला – लिव्हरपूल | ०-२ | १-३ | ७-२ | ० |

रविवारी कुणीही तक्ता उघडला नाही.

## निकाल

तीसपैकी ६ गुण. तक्ता हात न लावता भरला असता तर ७ आले असते. नऊ दुरुस्त्यांपैकी सातांनी गुणांत काहीच फरक पडला नाही, एकीने २ मिळवून दिले आणि एकीने ३ घालवले.

ज्या मैदान-फायद्यावर दोन संध्याकाळी गेल्या, त्याने काय केलं? फायदा पूर्ण ठेवून तक्ता पुन्हा चालवला तर एकाही सामन्यात आघाडीचा निकाल बदलत नाही. लेस्टरचा स्कोअर २-१ ऐवजी २-० होतो, सिटीचा ०-३ ऐवजी काठावर ०-२. गुण सातच. न्यूकॅसल–बर्नली तेवढा अगदी चिठ्ठी टाकण्यासारखा उरतो, आणि तरीही बर्नली केसभर पुढेच.

फेरीत यजमान ७ जिंकले, पाहुणे २, बरोबरी १. सोमवारी सकाळी गटाच्या चर्चेत पहिलं वाक्य होतं, 'फायदा काढायलाच नको होता.' हंगाम संपला तेव्हा हिशेब असा होता: यजमान १४४, बरोबरी ८३, पाहुणे १५३. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकलेला तो पहिला हंगाम. म्हणजे ज्या निर्णयावर सोमवारी खापर फुटलं, तो मे महिन्यापर्यंत योग्य ठरला, आणि त्या फेरीत त्याने ना काही दिलं, ना काही नेलं.

## निर्णयाच्या जागा

वुल्व्ज. ही खरी चूक, आणि सगळ्यांत महागडी. आदल्या रविवारी वुल्व्जने वेस्ट हॅमकडून ०-४ मार खाल्ला होता, तेवढ्यावर १-० चा १-१ झाला. दुखापत नाही, निलंबन नाही, डावपेचातला बदल नाही. नुसता एक स्कोअर डोळ्यांसमोर होता. ही दुरुस्ती भरताच ०.८४ अपेक्षित गुणांचे ०.४७ झाले. सामना १-२ असा संपला असता तरी ती चूकच राहिली असती. फुलहॅमने पहिल्या तीन सामन्यांत १० गोल खाल्ले होते, हेही त्याच तक्त्यात समोर दिसत होतं.

साउदम्प्टन. इथे ३ गुण मिळाले म्हणून कुणी विचारलं नाही, पण २-१ चं २-० का केलं याला कारण नव्हतं. वेस्ट ब्रॉमने आदल्या दोन सामन्यांत ५ गोल केले होते, उलट त्यांच्या खात्यात गोल धरायला हवा होता. तक्त्याप्रमाणे २-० ची शक्यता ७.४ टक्के, २-१ ची ९.४. दैवाने हात दिला. अशा गुणांचा धोका असा की पुढच्या फेरीत माणूस तीच खोड पुन्हा करतो.

लेस्टर. तीन सामने, तीन विजय, १२ गोल, त्यात मँचेस्टर सिटीला तिच्याच मैदानावर ५-२. लेस्टरकराने ३-१ चा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्या १२ गोलांतले ५ पेनल्टीचे होते: वेस्ट ब्रॉमविरुद्ध दोन, सिटीविरुद्ध तीन. त्या महिन्यात हँडबॉलचा नियम इतका कडक लावला जात होता की पेनल्ट्यांचा सुकाळ झाला होता, आणि ओरड झाल्यावर पंचांना तो सौम्य लावायला सांगितलं गेलं. पेनल्टी वजा केल्या तर सामन्यामागे जेमतेम २.३ गोल उरतात, जे तक्त्याच्या २.१ च्या जवळच आहे. म्हणजे फॉर्ममध्ये नवीन माहिती जवळजवळ नव्हतीच. निकाल ०-३ लागल्याने या दुरुस्तीची किंमत मोजावी लागली नाही, पण स्वतःच्या गावच्या संघाचा आकडा त्या गावकऱ्याने ठरवू नये हे इथे दिसतं.

एव्हर्टन. हातदुरुस्ती नेहमी वाईट नसते, याचं उदाहरण. उन्हाळ्यात एव्हर्टनने हामेस रॉड्रिगेझ, आलान आणि दुकुरे असे तीन मिडफिल्डर घेतले होते. आदल्या हंगामात ४४ गोल करणारा हा संघच उरला नव्हता, त्यामुळे आक्रमणाचा आकडा वर नेण्याला सांगता येण्यासारखं कारण होतं. हामेसने त्या सामन्यात दोन गोल केले. गुण एकच मिळाला, पण दुरुस्ती रास्त होती.

मँचेस्टर युनायटेड–टॉटनहॅम. टॉटनहॅमचा आक्रमक खेळाडू सॉन याच्या मांडीचा स्नायू दुखावल्याचं आदल्या आठवड्यात प्रशिक्षक मोरिन्होने सांगितलं होतं आणि तो नाही असं धरून गटाने युनायटेडला पसंती दिली. रविवारी किक-ऑफच्या तासभर आधी लाइन-अप आली, तीत सॉन होता. त्याने दोन गोल केले. सोमवारी यावर फार हळहळ झाली. पण आकडेमोड करून बघा: सॉनमुळे टॉटनहॅमचे अपेक्षित गोल १.१२ वरून १.२५ धरले तरी युनायटेड १.५८ वर पुढेच राहतं. लाइन-अप पाहिली असती तरी अंदाज युनायटेडचाच भरायला हवा होता. १-२ असताना २८व्या मिनिटाला युनायटेडच्या मार्शियालला लाल कार्ड मिळालं, आणि दहा जणांविरुद्ध खेळ पुढे किती वाहवत जाईल हे कुठलाच तक्ता शुक्रवारी सांगत नाही. लाइन-अप न पाहणं हा ढिसाळपणा होताच, फक्त या सामन्यात त्याची किंमत शून्य होती.

व्हिला–लिव्हरपूल. तक्त्याप्रमाणे व्हिला ०.६९, लिव्हरपूल २.९०. लिव्हरपूल जिंकण्याची शक्यता ८२ टक्के, बरोबरीची १२, व्हिलाची ६. अचूक ७-२ ची शक्यता या हिशेबाने पावणेसहा लाखांत एक. असा आकडा आला की समजावं, दोष तक्त्याच्या गृहीतकात आहे. पॉयसाँ धरून चालतो की प्रत्येक गोल स्वतंत्र आहे आणि संघाचा वेग नव्वद मिनिटं सारखाच राहतो. प्रत्यक्षात पिछाडीवर पडलेला संघ वर चढून खेळतो आणि मागे मोकळं मैदान सोडतो. लिव्हरपूलची बचावफळी तशीही फार वर उभी राहायची, त्यामागच्या जागेत व्हिलाच्या वॉटकिन्सने ३९ मिनिटांत हॅटट्रिक केली. व्हिलाचे तीन गोल लिव्हरपूलच्या खेळाडूंना लागून दिशा बदलून गेले, हे वेगळंच. डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ साली पॉयसाँ पद्धतीत सुचवलेली दुरुस्ती ०-०, १-०, ०-१, १-१ या छोट्या स्कोअरपुरती आहे. ७-२ ला तिचा उपयोग नाही.

माहिती मात्र दोन टप्प्यांत येत होती. लिव्हरपूलचा आक्रमक खेळाडू माने कोविडमुळे नाही हे शुक्रवारीच जाहीर होतं. गोलकीपर ॲलिसन खांद्याच्या दुखापतीमुळे नाही आणि आद्रियान खेळणार हे रविवारी कळलं, पुण्यात तेव्हा रात्र झालेली. मानेसाठी लिव्हरपूलचं आक्रमण दहा टक्के कमी आणि आद्रियानसाठी व्हिलाचे गोल पंधरा टक्के जास्त धरले तर २.६ विरुद्ध ०.८ होतं. लिव्हरपूल तरीही स्पष्ट पुढे. चौथ्याच मिनिटाला आद्रियानच्या चुकलेल्या पासवर पहिला गोल झाला, म्हणून पंधरा टक्के कमीच होते असं आता म्हणता येईल. शुक्रवारी किंवा रविवारी दुपारी ते म्हणायला आधार नव्हता.

## वेगळं काय करता आलं असतं

या फेरीतून प्रामाणिकपणे वाचवता येण्यासारखे गुण तीनच होते, वुल्व्जचे. बाकीची सगळी हळहळ निकाल पाहून केलेली. म्हणून बदल सुचवताना गटाने 'हा अंदाज कसा बरोबर आला असता' हा प्रश्न टाळला आणि 'शुक्रवारी हातात असलेल्या माहितीवर काय वेगळं करायला हवं होतं' एवढाच धरला.

तक्त्यात एक रकाना वाढवला: दुरुस्तीचं कारण. तिथे खेळाडू, निलंबन, नवीन भरती किंवा प्रशिक्षक यांपैकी काही लिहिता आलं तरच स्कोअर बदलायचा. मागच्या सामन्याचा स्कोअर हे कारण चालणार नाही. ही कसोटी त्या नऊ दुरुस्त्यांना लावली तर एव्हर्टनची टिकते आणि मानेच्या कारणाने व्हिला–लिव्हरपूलची निम्मी टिकते. बाकी सात गळतात. गंमत म्हणजे साउदम्प्टनचीही गळते. तेव्हा त्या फेरीचे गुण सातच झाले असते, नऊ नाहीत. तरी नियम तसाच ठेवला.

चालू हंगामाचे आकडे मिसळायचे ते वजनाने. आदल्या हंगामाचे ३८ सामने आणि या हंगामाचे ३ एकत्र मोजले तर ताज्या फॉर्मचा वाटा साधारण सात टक्के होतो. दुप्पट वजन दिलं तरी चौदा. पेनल्टीचे गोल वेगळ्या रकान्यात. मैदानाचा फायदा निम्म्यावर आणला आणि दहा फेऱ्या त्याला हात लावायचा नाही असं ठरलं, मुख्यतः दोन संध्याकाळी वाचवण्यासाठी.

लाइन-अप बघण्याची पाळी लावली. शनिवार पुणेकराकडे, रविवार बर्मिंगहॅमकडे, कारण इंग्लंडमधला सव्वासातचा सामना भारतात रात्री पावणेबाराला सुरू होतो आणि पावणेअकराला लाइन-अप वाचून निर्णय घ्यायला पुण्यात कुणी नीट जागं नसतं. बदल कोणत्या परिस्थितीत करायचा हेही आधीच लिहून ठेवायचं: पहिल्या पसंतीचा गोलकीपर नसेल तर समोरच्याचे गोल पंधरा टक्के वाढवा, मुख्य गोल करणारा नसेल तर दहा टक्के उतरवा, आणि त्यानंतर अपेक्षित गुणांचा क्रम बदलला तरच स्कोअर बदला.

गुणांखेरीज ब्रायर स्कोअरही लिहायला सुरुवात झाली. तिन्ही निकालांना दिलेली शक्यता आणि घडलेलं (१ किंवा ०) यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज. शून्य उत्तम, २ सर्वांत वाईट. व्हिला–लिव्हरपूलचा आला १.५७. एकट्या सामन्यात तो काही सांगत नाही, पण शंभरेक सामन्यांनंतर तक्ता अति आत्मविश्वासाने बोलतोय का ते त्यात दिसतं.

पुढची फेरी आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला होती. पहिलाच सामना एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल. तक्त्याने ०-२ दिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: 'ॲलिसन नाही, एव्हर्टनचे तीन नवे मिडफिल्डर.' अंदाज १-२ भरला. निकाल २-२, गुण शून्य, आणि रकान्यातली नोंद कुणी खोडली नाही.